जित्या बांगड्यांची राखण

— नाही नाही, नळ नाही आला, तुमी बसा सहदेवराव. नळ आला असता तर मी इथं खुर्चीवर असतो काय? ते अंगणात बुडबुड होऊन राहिलं ना, तो हवेचा पंप आहे. हाव, त्या निळ्या ड्रममधलाच. ड्रममध्ये मासे आहेत, बोटाएवढाले, तुमच्याच तालुक्यातले. महानच्या धरणावरून पिशवीत घालून आणले. खायचे नाहीत. म्हणजे खायचेच असतात, पण आपण नाही, दुसऱ्या माशांनी. आता तुमी बार्शीटाकळीवरून उन्हाचे आले, भाच्याचं स्थळ घेऊन आले, अन् मी माशाचं सांगत बसलो हे बरं दिसत नाही — पण विचारलं तुमीच. फोटो राहू द्या टेबलावर, पळून जाते का तो? संघपाल चांगला पोट्टा आहे, मले माहीत आहे. तलाठी असून लोक त्याले नावानं विचारत येतात, शिव्या देत नाहीत, हे तर मी कुठं पाहिलंच नाही. मी त्याच्यात खोड काढत नाही. ज्योत्स्नाच्या आईनं तर तुमचा फोन आल्याबरोबर पोह्याले कांदा चिरला — ऐकलं? भांडं आदळलं ना आत? ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. तिले वाटते मी विषय टाळून राहिलो. टाळून राहिलो हे खरं आहे, पण ड्रमचं सांगतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून ड्रमचं आधी.

ज्योत्स्ना बदली होऊन मालवणच्या शाखेत गेली, हे तुमाले ठाऊक आहे. बँकेत हापिसर पोरगी, तिकडे एकटी, म्हणून आमी दर रविवारी फोनवर विचारू, काय खाल्लं? ती म्हणे मासे. पुढच्या रविवारी काय खाल्लं? मासे. आमाले वाटलं, बरं आहे, पोरगी रमली. मंग एका रविवारी न विचारताच म्हणाली, बाबा, एक जण आहे, दत्तप्रसाद मेतर, त्याची होडी आहे. झालं. तिच्या आईनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, बंद केला, अन् तेव्हापासून त्या पोट्ट्याचं नाव या घरात निघालं नाही. 'तो होडीवाला' इतकंच. त्यानं बिचाऱ्यानं फोन लावून पाहिले, हिनं एकदाही उचलला नाही. दिवाळी झाल्यावर मले म्हणाली — तुमी जा, पाहा, अन् नाही सांगून या. मी गेलो. पाहिलं. एक काम तेवढं राहून गेलं.

जातीचं विचारता? ते नव्हतं. ते दोन्ही घरांनी थोडं थोडं गिळून टाकलं होतं. त्याच्या आईनं जात विचारली नाही असं नाही, पहिल्याच चहाले विचारली, तोंडावर. मीही तोंडावर सांगतली, आमी बौद्ध. मंग तिनं विचारलं, तिखट चालतं का? मी म्हटलं, आमी अकोल्याचे. विषय तिथं संपला. ज्योत्स्नाच्या आईचं दुखणं निराळं आहे. ती म्हणते, जो माणूस रोज दर्यावर जाते त्याच्या बायकोनं रोज दाराकडं पाहत बसाचं, ते जिणं मी माझ्या पोरीले देणार नाही. यात काही खोटं आहे? नाही ना. संघपाल मोटरसायकलवर जाते अन् दिवस मावळायच्या आत घरी येते, त्याच्या हापिसात लाटा येत नाहीत, हे मान्यच आहे.

तर होडी. हा दत्तप्रसाद जाळं टाकत नाही, बी.कॉम. आहे, तो गळाच्या हौशी लोकांना समुद्रात घेऊन जाते. पुण्या-मुंबईची माणसं, चांगल्या पगाराची. त्याईले सुरमई धरायची असते. सुरमई बाजारात कापून, तुकडे करून मिळते, हे त्याईले सांगून पाहिलं मी — एकाले पटलं नाही. तर त्याची रीत अशी: होडी पुढं हळू चालवाची, मागं दोरी, दोरीच्या टोकाले गळ, अन् गळाले जिता बांगडा. याले ट्रोलिंग म्हणतात. मोबाईलवर रिकामे पोट्टे करतात ते नाही, हे त्याहून इमानदारीचं काम आहे. जिता बांगडा पळताना दिसला की सुरमईले राहवत नाही. मेलेला ओढत नेला तर ती पाहते, अन् निघून जाते — आपल्याकडच्या लग्नात पोळी गार असली की जावई पाहतो तशी. म्हणून सकाळी आधी बांगडे धराचे, बारक्या गळांना पिसं बांधून, अन् ते टाकीत ठेवून दुपारपर्यंत जगवाचे. सगळी मेख इथं आहे. सुरमई धरणं सोपं आहे हो, बांगडा जगवणं अवघड.

काहून अवघड? कारण बांगडा हा बदलीची आर्डर हातात आलेला कारकून आहे, त्याले काहीच चालत नाही. चौकोनी टाकी चालत नाही. कोपऱ्यात शिरते, नाक घासून घेते, अन् नाक गेलं की बांगडा गेला. टाकी गोल पाहिजे, म्हणजे तो फिरत राहते अन् त्याले वाटते आपण कुठंतरी चाललो — आमी हापिसात तसेच तर चाललो जन्मभर. कोरडा हात चालत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला की त्याच्या अंगाले रोग धरते, म्हणून हात ओला करून, अन् शक्यतो हात लावूच नाही. ऊन चालत नाही, झाकण पाहिजे. गर्दी चालत नाही. टाकीत मावतात त्याच्या अर्धेच ठेवाचे, लोभ केला की सगळेच जातात. त्यातला एखादा मेला तर त्याले दुखवटा पाळत तिथं ठेवाचा नाही, लगेच काढाचा, नाहीतर तो बाकीच्यांचं पाणी नासवते. अन् सगळ्यांत मोठं म्हणजे साचलेलं पाणी चालत नाही. पंपानं ताजं पाणी आत येत राहिलं पाहिजे, अन् जुनं पाणी टाकीच्या काठावरून सांडत राहिलं पाहिजे. सारखं. थांबलं की संपलं.

सांडत, बरं का. आता तुमी मले ओळखता. जन्म माझा खारपाणपट्ट्यातला, पूर्णेकाठी. विहिरीले पाणी चिक्कार, अन् तोंडात घेतलं की थुंकाचं. माझी माय गोड्या पाण्याचा हंडा शेजारच्या गावावरून डोक्यावर आणे. भागीरथा नाव होतं तिचं. घरात गंगा होती ती तेवढीच. मंग नोकरी लागली कालव्याच्या हापिसात, तिथं काम काय, तर कोणत्या वावराले पाणी गेलं अन् कुठं फुकट गेलं ते पाहाचं. मंग घर घेतलं जुन्या शहरात, जिथं नळ आला म्हटलं की माणूस पंगतीतून उष्ट्या हातानं उठते. आमच्या घरी तांदळाचं धुवण झाडाले जाते, आंघोळीचं पाणी फरशीले, फरशीचं संडासले. पाहुणा आला तर आमी पेला अर्धा भरतो. तुमाले आत्ताच दिला नाही का? असा माणूस त्या होडीवर बसवला, अन् सांगतलं, काका, जरा टाकीकडं लक्ष असू द्या. ज्योत्स्ना बँकेत. पुण्याचे दोघं गिऱ्हाईक पुढं बसलेले, काळे चष्मे लावून. दत्तप्रसाद सुकाणूवर, पाठमोरा. अन् मी टाकीपाशी. पाहतो तर काय, पाणी सांडून राहिलं. भळाभळा. माझ्या पायावरून, फळीवरून, बाहेर. पहिलं मी म्हटलं, असेल बा त्याईची रीत. त्यानंच तर सांगतलं होतं, सांडू द्या म्हणून. पण सहदेवराव, मले पाहवलं नाही. चारी बाजूनं समुद्र होता हे मले दिसत होतं, मी काही आंधळा नव्हतो. जिकडं पाहावं तिकडं पाणीच, त्याले अंत नाही — अन् तरी माझा हात गेला अन् पंपाचा कॉक फिरवून बंद केला. अकोल्याचा हात आहे तो, मले विचारत नाही. वरून मनात म्हटलंही, पोट्टा तसा बरा आहे, पण उधळ्या आहे, घरी जाऊन हे सांगावं लागते.

मंग मी निवांत झालो. बांगडे वर आले अन् तोंडं उघडायले-मिटायले लागले, मले वाटलं ओळख धरून राहिले. ज्योत्स्नाले दाखवाले मोबाईलवर फोटोही काढला. जागेवर पोचलो तर पाखरं पाण्यावर झडप घालून राहिली, म्हणजे खाली सुरमई आहे. पुण्याचे दोघं काठ्या सरसावून उभे. दत्तप्रसादनं येऊन झाकण उघडलं. सगळे पालथे. एकही हलेना. त्यानं टाकीत पाहिलं, कॉककडं पाहिलं, मंग माझ्याकडं पाहिलं. अन् हळूच म्हणाला,

"दर्याक नळ नाय ओ, काका."

इतकंच. आवाज चढवला नाही. हसला असता तरी मले बरं वाटलं असतं, हसलाही नाही. पण ते गिऱ्हाईक. पुण्याचा माणूस रागावला तरी शुद्ध बोलते, म्हणून जास्त लागते. विचारू लागला, हे गृहस्थ कोण, यांना टाकीवर कशाला बसवलंत? मी फळीकडं पाहत उभा. म्हटलं, आता हा सांगेल, पाहुणे आहेत, वऱ्हाडातले आहेत, त्याईले यातलं कळत नाही. खरंच होतं की ते, सांगतलं असतं तर मी कोण नाही म्हणणारा? तर तो काय म्हणाला —

"घरचो माणूस आसा. चूक आमची."

घरचा माणूस. आता मले सांगा, त्याले परवानगी कोणी दिली? मी नकार द्यायले गेलेला माणूस. अजून तोंड उघडलं नव्हतं माझं, अन् हा मले घरात घेऊन मोकळा. मले राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. तो राग संध्याकाळपर्यंत गेला नाही, अन् जेवताना मी दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, तुमी जा, मी आज बाजार पाहतो. तो म्हणाला, मगे टाकीर कोण बसतलो? असा सहज म्हणाला, जसं काल काही झालंच नाही. आता आमच्या हापिसात कसं होतं — माणसाच्या हातून एक चूक झाली की त्याले आवक-जावकच्या टेबलावर नेऊन बसवत, अन् निवृत्तीच्या हारापर्यंत तिथंच ठेवत. कोणी त्याच टेबलावर दुसऱ्या दिवशी परत बसवला, हे मी पाहिलं नाही. मी गेलो. अन् त्या दिवशी, तुमाले सांगतो, बाळंतिणीची खोली कोणी राखत नसेल अशी मी ती टाकी राखली. झाकण, सावली, ओला हात. एक बांगडा जरा तिरपा पोहू लागला की बाजूले काढला. सांडू दिलं पाणी, डोळे दुसरीकडं करून सांडू दिलं. गळाले लावतानाही पाहाचं असते — ओठातून असा लावाचा की तोंड पुढच्या बाजूनंच राहिलं पाहिजे, म्हणजे ओढताना त्याले श्वास घेता येते, अन् होडी बैलगाडीच्या चालीनं. जोरात नेली की तो भोवऱ्यासारखा फिरते अन् मरते, मंग सुरमई कशाले येते? थकला की बदलाचा. अन् लागली ना सुरमई. अशी लागली की दोरी शिट्टी वाजवत गेली. पुण्याचे दोघं मले म्हणाले, काका, मानलं तुम्हाला. दत्तप्रसादनं मले विचारलं की टाकीत पाणी सरळ पडते, मासे थकतात, याले काही करता येते का.

आता पाणी कसं फिरते हे कालव्याच्या हापिसातल्या माणसाले नाही विचारावं तर कोणाले? नळी तिरपी लावाची, भिंतीले घासून पाणी सोडाचं, म्हणजे आपोआप भोवरा धरते, अन् मासा प्रवाहावर नुसता टेकून राहते. तेच पाहून राहिलो इथं ड्रममध्ये. नळी कुठं, किती तिरपी, किती मासे. गोड्या पाण्यातले आहेत, बांगडे नाहीत, पण थकणं सगळ्यांचं सारखंच. संध्याकाळी त्याले फोनवर सांगतो, तो तिकडं तसं करून पाहते. रोज? नाही हो, रोज नाही. म्हणजे ज्या दिवशी फरक पडते त्या दिवशी. फरक रोज पडते, त्याले मी काय करू?

काय म्हटलं? ज्याले नाही म्हणाचं त्याच्यासाठी चांगला पाण्याचा ड्रम काहून कापला? हे तुमी अगदी तलाठ्याच्या मामासारखं विचारलं. याचं उत्तर... थांबा, आतला आवाज बंद झाला. गॅसही बंद केला वाटते. जाऊ द्या. हळू बोला. आता इतकं सांगतलं तर शेवटच्या दिवसाचंही सांगतो, ते मी घरात सांगतलं नाही. शेवटच्या दिवशी बांगडे काय होते, सहदेवराव, चांदीचे. एकही मेला नव्हता. सुरमईवर सुरमई लागून राहिली, दुसरे गिऱ्हाईक होते, नागपूरचे, नाचून राहिले होते. अन् दत्तप्रसाद पश्चिमेकडं पाहून राहिला. मी पाहिलं, मले काहीच दिसलं नाही. आभाळ निळं, ऊन पडलेलं, खाली कडेले एक काळी रेघ, काजळाच्या बोटाएवढी. तो म्हणाला, दोऱ्या ओढा, परत जायचं. गिऱ्हाईक भडकलं. मासे लागून राहिले अन् परत? तुमचं नाव खराब करू, सगळीकडं लिहू, काय काय बोलले. नागपूरचे होते, शुद्ध नाही बोलले. अन् मी — आता लपवाचं काय — मीही म्हटलं, थोडं थांबू, इतके चांगले बांगडे आहेत, वाया जातील. वाया जाणं मले पाहवत नाही, तुमाले माहीत आहे. त्यानं कोणाशी वाद घातला नाही. दोऱ्या ओढल्या, टाकीचं खालचं झाकण काढलं, अन् वजन कमी कराले सगळं पाणी, सगळे बांगडे, माझे राखलेले, दर्यात सोडून दिले. माझं तोंड पाहून म्हणाला,

"काका, बांगडे परत गावतले."

म्हणजे परत सापडतील. बांगडे सापडतील. आमी धक्क्याले लागलो अन् मागून वारा आला, असा की नारळाची झाडं लवून जमिनीले टेकतात का काय. दोन होड्या उशिरा आल्या त्या दिवशी. आल्या, सगळी माणसं आली, पण त्या होड्यांतल्या माणसांचे चेहरे मी पाहिले अन् त्याईच्या बायकांचे पाहिले, धक्क्यावर उभ्या होत्या त्या. त्याची आई त्यात नव्हती. ती घरी माझ्यासाठी भात टाकून राहिली होती, कारण तिचा पोट्टा केव्हाच आला होता. हे घरी काहून सांगतलं नाही? कसं सांगू? 'वारा आला' इथंच तिनं ऐकणं बंद केलं असतं. म्हणून मी...

केव्हापासून उभी आहेस गं तू दारात?

नाही, मी लपवलं नाही, मी योग्य वेळ पाहून राहिलो होतो. हाव, आला होता वारा. मी होडीत होतो, हाव. अन् ते परत आलो म्हणूनच तर सांगून राहिलो ना. काय? हाव. गिऱ्हाईक ओरडत होते तरी त्यानं होडी फिरवली. मी पण म्हटलं होतं थांबू म्हणून, सांगतलं ना आत्ता, ऐकलंच असेल. आता माझ्यावर नंतर ओरड. त्यानं नाही ऐकलं माझं. होणाऱ्या सासऱ्या... माझंही नाही ऐकलं, हेच तर सांगून राहिलो. ज्यानं माझं ऐकलं नाही तो कोणाचं ऐकून पाण्यात राहणार आहे?

मोबाईल? काहून? घे. हा घे.

सहदेवराव, ऐका. संघपालसाठी मी स्वतः पाहतो. परतवाड्याले एक घर आहे माहितीतलं, पोरगी शिक्षिका आहे, मी बोलून देतो. त्याच्यात खोट नाही, हे त्याले माझ्या नावानं सांगा. पण इथं थांबू नका आता, पुढं बोलण्यासारखं इथं काही राहिलं नाही. अगं, 'दत्तप्रसाद' लिहून नाही सापडत. 'पंपवाला' पाहा. हाव, पंपवाला. काहून म्हणजे काय, तुझ्या नजरेले पडू नये म्हणून. लागला? या वेळी होडी धक्क्याले लागलेली असते, उचलेल तो, दम धर जरा.

निघा तुमी, भाऊ. पोहे पुढच्या वेळी. नाही, पाणीही नको आता, निघा. बोलू नका — उचलला त्यानं. ही मोबाईल धरून उभी आहे कानाले. सांगते, नाव सांगते, ज्योत्स्नाची आई म्हणते... विचारून राहिली, आज केव्हा परतला म्हणून.

जा ना. जा म्हणतो ना मी तुमाले.